हॅटमधलं डोकं

हॅट दुरुस्त करणाऱ्याला विचारायचे प्रश्न महानंदाने चक्क एक्सेलमध्ये लिहून काढले होते. हाताने शिवता की मशिनवर? वाफ कशी देता? आतली चामड्याची पट्टी जुनीच ठेवता की नवी घालता? आधी केलेलं काम दाखवाल का? असे अकरा प्रश्न आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण. बाई एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांची मुख्य होती, दुसऱ्यांच्या चुका हुडकून काढायचाच तिला पगार मिळायचा. तेव्हा हॅटवाला निवडतानाही तिने तेच केलं, यात नवल नाही. बारावा प्रश्न मात्र तिने कुठे लिहिला नव्हता. तो ती प्रत्येकाला अगदी निघता निघता, पर्स खांद्याला लावताना विचारायची. ‘दुरुस्तीनंतर आतला डोक्याचा आकार तसाच राहील ना?’

हॅटा दोन होत्या. एक आजोबांची सोला हॅट, भेंडाची, हलकी, जुन्या दातासारखी पिवळी पडलेली. तिच्याशी महानंदाचं फारसं देणंघेणं नव्हतं. दुसरी अप्पांची करडी फेल्ट हॅट. अप्पा म्हणजे तिचे वडील, अप्पासाहेब चौगुले. निपाणीकडचा माणूस, जमीनमोजणीच्या कामावर आनेकलला आला. दिवसभर उन्हात साखळी घेऊन हिंडायचं तर डोक्यावर काहीतरी हवं, म्हणून बेंगळुरूच्या कँटोन्मेंटमधून ही हॅट घेऊन आला. गावाकडची माणसं हसायची, तेव्हा अप्पा हॅट उचलून हसणाऱ्यांनाच सलाम ठोकायचे. असा हौशी माणूस एक्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये कावीळ होऊन आठ दिवसांत गेला. महानंदा तेव्हा नऊ वर्षांची होती.

नंतरची चौतीस वर्षं ती हॅट आईच्या ट्रंकेत कुलूपबंद होती, आणि किल्ली आईच्या कमरेला. गेल्या वर्षी आई, म्हणजे कस्तुराबाई, न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नर्सने चष्म्याबरोबर ती किल्लीही काढून महानंदाच्या हातावर ठेवली. पुढे महानंदाने आईला एचएसआर लेआउटमधल्या आपल्या फ्लॅटवर आणलं, आईच्या मागोमाग ट्रंक आली, आणि एका रविवारी आई झोपलेली असताना लेकीने ती उघडली. सगळ्यात तळाला, पितळी डब्याखाली चेपून पोळीसारखी झालेली ती हॅट होती. कडेला कसर लागलेली, फीत सुटलेली. महानंदाने ती उचलून आत नाक खुपसलं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी, एका पगारदार, गृहकर्ज फेडणाऱ्या बाईने जमिनीवर बसून हमसाहमशी रडून घेतलं.

रडण्याचं कारण निव्वळ आठवण असती, तर ही गोष्ट सांगण्याजोगी नव्हती. कारण असं होतं की अप्पा गेल्यानंतर महानंदाने त्यांना सहा वेळा पाहिलं होतं.

हसायचं त्याने खुशाल हसावं. आनेकलच्या बाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं एकटं घर होतं. अप्पा गेल्याला तीन महिने होत आले होते. दिवेलागणीची वेळ, वीज गेलेली, आणि ती खिडकीच्या गजांना धरून पाढे म्हणत उभी. अंगणात, फाटकाजवळ, अप्पा उभे होते. तीच करडी हॅट, तोच पायघोळ रेनकोट, हातात तीच लांब बॅटरी. पाठ घराकडे. ते कुंपणाच्या कडेने सावकाश चालत गेले, परत फिरले आणि घराच्या मागे दिसेनासे झाले. महानंदाला भीती वाटली नाही. आनंदाने तिचा पाढा मध्येच तुटला. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की असल्या गोष्टी बंद होतात, हे नऊ वर्षांच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही.

सहाव्या वेळी तिला राहवलं नाही. तिने गजांतून हाक मारली, ‘अप्पा! आत या!’ आकृती जागच्या जागी थांबली. पुष्कळ वेळ थांबली. पण वळली नाही, ओ दिली नाही. तशीच पाठमोरी घराच्या मागे गेली. महानंदा अनवाणी बाहेर धावली, तर चिखलात बुटांचे ठसे होते आणि माणूस नव्हता. मागच्या दाराने आई आली, धापा टाकत, पदराने तोंड पुसत, आणि तिने महानंदाच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. ‘बाहेर कुणी न्हाई,’ ती म्हणाली. ‘कुणी न्हवतं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची हॅट नाहीशी झाली होती. महिन्याभरात घर सोडून मायलेकी बेंगळुरूत एका खोलीत आल्या, आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवू लागली, आणि अप्पा पुन्हा कधी आले नाहीत. कसे येणार? हॅटच कोंडून ठेवली होती. आईने अप्पांना ट्रंकेत घातलं, हे महानंदाच्या मनाने जे घेतलं ते घेतलंच. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, आईला दर महिन्याला पैसे पाठवू लागली, पण एका खोलीत दोघी दहा मिनिटं बसल्या की शब्दाने शब्द वाढायचा आणि भांडण फिरून फिरून त्याच अंगणात यायचं. ‘तू त्यांना येऊ दिलं नाहीस.’ आई गप्प बसायची. ते गप्प बसणंच महानंदाला कबुलीजबाब वाटायचं.

आता हॅट पुन्हा हातात आली होती, आणि तिला एवढंच हवं होतं. हॅट नीट करायची, दाराजवळच्या खुंटीवर लावायची आणि दिवेलागणीला खिडकीपाशी उभं राहायचं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी वळून बघावं. म्हणून आतला डोक्याचा आकार तिला हवा होता. माणूस परत यायचा तर त्याला त्याची जागा ओळखीची वाटायला नको?

पहिला हॅटवाला बाजारातल्या एका आर्केडमध्ये बॅगा, बूट, हॅटा, सगळंच दुरुस्त करायचा. त्याला परीक्षा म्हणून तिने आजोबांची सोला हॅट दिली. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा फ्रिजसारखी पांढरीशुभ्र होती, तैलरंगाचे दोन हात दिलेले. ‘एकदम नवीन, मॅडम,’ तो म्हणाला. महानंदाने दहापैकी एक गुण दिला, तो वेळेवर दिल्याबद्दल.

दुसरा पत्ता दिला ऑफिसातल्या तनयने. तनय पुण्याचा, बेंगळुरूत येऊन दोन वर्षं झालेला आणि शहरातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम. ‘अगं, ते स्टुडिओवाले बेस्ट आहेत. माझ्या मित्राच्या वेडिंगच्या सगळ्या हॅट्स त्यांच्याच. टोटल रिस्टोरेशन करतात, ट्रस्ट मी.’ स्टुडिओ सुंदर होता, कॉफीही मिळाली. तिथल्या मुलीने हातमोजे घालून हॅट उचलली आणि सांगितलं की आतलं सगळं काढून, औषधाने धुऊन, नव्या साच्यावर बसवून देऊ. जुना वास, घाम, डाग, काहीही उरणार नाही. महानंदाने थंडपणे हॅट पिशवीत घातली आणि जिन्यातच शून्य लिहिलं.

मग ती पांढरी झालेली सोला हॅट घेऊन पुन्हा पहिल्याकडे भांडायला गेली. भांडणात तिचा हात धरणारा विरळा. तो बिचारा वैतागून म्हणाला, ‘आकार तसाच पाहिजे, डाग तसाच पाहिजे, तर माझ्याकडे कशाला येता? चिकपेटला परसूअण्णाकडे जा. तो एका टोपीला महिना लावतो आणि वर गिऱ्हाइकालाच झापतो.’

झापणारा कारागीर म्हटल्यावर महानंदाला पहिल्यांदा बरं वाटलं.

निघताना आईने पिशवीकडे पाहिलं. वॉकर धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ट्रंक उघडली हे तिला माहीत होतं, त्यावरून दोघींचं बोलणं मात्र झालं नव्हतं.

‘कशाला उगीच,’ कस्तुराबाई म्हणाल्या. ‘जुनं हाय ते. टाकून दे की.’

‘तुला ती कधीच नको होती,’ महानंदा म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

चिकपेटमध्ये साड्यांच्या दोन घाऊक दुकानांच्या फटीतून एक अरुंद जिना वर जात होता. दुसऱ्या मजल्यावर परसूअण्णांची खोली. लग्नात आणि सत्कारात घालायचे जरीचे म्हैसुरी पेटे बांधणं हा त्यांचा धंदा. फेल्टचं काम त्यांनी वडिलांकडून घेतलेलं, वडील कँटोन्मेंटमधल्या साहेबी दुकानात होते. खोलीभर फळ्या, फळ्यांवर लाकडी कलबुतं. कलबूत म्हणजे टोपी ज्याच्यावर बसवतात ते लाकडाचं डोकं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती डोकी, पन्नासेक तरी, आणि त्यांच्या वर दोरीला टांगलेली अंडाकृती कापलेली पुठ्ठ्याची कार्डं. प्रत्येकावर एक नाव. पंख्याच्या वाऱ्यावर ती कार्डं एकमेकांना लागून हलत होती, आणि महानंदाला उगाच वाटलं की आपण आत आलो तसं बोलणं थांबलं.

‘बसा अक्का. स्वल्प थांबा, वाफ चाललीय,’ अण्णा किटलीच्या तोटीपुढे एक टोपी फिरवत म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वाळका माणूस, कपाळावर चष्मा. घराणं मराठी, पण पाच पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या. टोपी बाजूला ठेवून त्यांनी आधी सोला हॅट पाहिली. ‘हे कोण रंगवलं? गेटाला मारून उरलेला रंग दिसतोय. सरी, ठीक हाय, हे निघतंय.’ मग करडी हॅट हातात घेतली आणि हसायचे थांबले. दोन्ही हातांत तिला तोललं, उजेडाकडे नेलं.

महानंदाने मोबाइल काढला. अकरा प्रश्नांपैकी पहिला विचारणार, तोच अण्णांनी विचारलं, ‘कुणाची टोपी?’

‘माझ्या वडिलांची.’

‘हायत?’

‘नाहीत.’

‘कितीक वर्सं घातली?’

‘नऊ-दहा. नंतर चौतीस वर्षं ट्रंकेत होती.’ मग घाईने ती म्हणाली, ‘अण्णा, कसरीची भोकं बुजवा, कड सरळ करा. पण आतला आकार हलता कामा नये. त्यांच्या डोक्याचा आकार मला तसाच हवा. तो राहणार नसेल तर मी नेते परत.’

अण्णांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. तिने काय मागितलं ते त्यांना नीट कळलं असावं, कारण ते हसले नाहीत. ‘राहतंय,’ ते म्हणाले. ‘फेल्ट म्हणजे केसच की अक्का, सशाचे. ज्याच्या डोक्यावर बसलं त्याला इसरत नाही. आधी आतनं माप घ्यायचं, कार्ड कापायचं, त्यावर नाव लिवायचं. मग त्या कार्डापरमाणं कलबूत घासायचं आणि मग वाफ. नाव नसलेलं डोकं मी वाफेवर घेत न्हाई. माझ्या वडलांची रीत हाय.’

अकराच्या अकरा प्रश्न महानंदाने तिथेच मिटवून टाकले. हॅटवाला सापडला होता.

अण्णांनी शिशाची एक मऊ पट्टी घेतली. हॅटच्या आत बोटांनी दाबत दाबत ती सगळीकडे बसवली, अलगद काढली आणि पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली. मग हॅट उलटी करून आतला मापाचा शिक्का पाहिला. पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं.

‘वडलांचं डोकं मोठं?’

‘मोठं. नवी हॅट घ्यायला गेले तेव्हा दुकानात सगळ्यांत मोठ्या मापाचीच बसली म्हणे.’

‘शिक्का बी तेच सांगतोय. पण आतलं डोकं बोटभर लहान हाय.’ त्यांनी नखाने चामड्याची पट्टी उलटी केली. ‘हां. हे बघा.’

पट्टीच्या मागे कागद होता. वर्तमानपत्राच्या लांब घड्या, बारीक, नेटक्या, एकीवर एक, दोन्ही बाजूंना. सैल टोपी घट्ट बसावी म्हणून माणसं घालतात तशा. अण्णांनी एक घडी चिमट्याने ओढून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. कागद तपकिरी झाला होता, पण छपाई मराठी होती. बेळगावचं वर्तमानपत्र. अप्पांनी त्याची वर्षाची वर्गणी भरली होती आणि ते गेल्यावरही ते कित्येक महिने टपालाने येत राहिलं होतं. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. नऊ जुलै, एकोणीसशे एक्याण्णव.

अप्पा चौदा एप्रिलला गेले होते.

महानंदाच्या अंगावर सरसरून काटा आला. पहिला विचार आला तो असा, म्हणजे ते खरंच आले होते. आले, हॅट घातली, आजारात डोकंसुद्धा वाळलं होतं म्हणून सैल झाली, म्हणून कागद घातला. खोलीतली सगळी बिननाकाची डोकी आपल्याकडे बघतायत असं तिला वाटलं. तिला इतकं आनंदी आणि इतकं घाबरलेलं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

‘अण्णा,’ ती कुजबुजली, ‘गेलेल्या माणसाने घातली असेल का हो?’

‘गेलेल्या माणसाला टोपी सैल होत न्हाई अक्का,’ अण्णा शांतपणे म्हणाले. त्यांनी हॅटची मागची बाजू तिच्यापुढे धरली. ‘हितं बघा. मागची कड वर ढकललीय. आत हा गोल डाग, तेलाचा. बरोबर मानेच्या वर. आणि पुढची बाजू कपाळावर उतरलीय. टोपी मागं बसंना म्हणून पुढं ओढून घातलीय. मागं काय आड येत होतं?’

महानंदाने डागावरून बोट फिरवलं.

‘अंबाडा,’ अण्णा म्हणाले. ‘बाईमाणसानं घातलीय ही. लई दिवस न्हाई, पण घट्ट, ओल्या हवेत. आत राहिलंय ते डोकं तिचं.’

खाली रस्त्यावर कुणीतरी कापडाचे गठ्ठे उतरवत होतं, ओरडाआरडा चालू होता. महानंदा हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मागच्या दाराने आलेली आई. धापा टाकणारी. पदराने तोंड पुसणारी. दुसऱ्यांच्या चुका हुडकून पोट भरणाऱ्या बाईला आपल्या खिडकीतली एवढी ढळढळीत गोष्ट चौतीस वर्षं दिसली नव्हती.

‘आता तुम्ही सांगा,’ अण्णांनी कार्ड पुढे केलं. ‘कागद काढून मोठ्या मापावर बसवली तर वडलांची टोपी होती तशी. कागद ठेवून बसवली तर तिची. वाफ दिली की एकच डोकं राहतंय अक्का, दोन राहत न्हाईत. नाव कुणाचं लिवू?’

‘उद्या सांगते,’ महानंदा म्हणाली.

मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. ऑटोत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की कागदाची घडी अजून आपल्या मुठीत आहे.

कस्तुराबाई टेबलाशी बसून भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची सालं काढत होत्या. दाणा चिमटीत दाबला की टपकन परातीत उडायचा. महानंदाने त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी तो पाहिला. आणखी दोन दाणे सोलले.

‘सापडला व्हय,’ त्या म्हणाल्या.

‘तू होतीस?’

‘मीच की.’

‘सहाही वेळा?’

‘मी मोजलं न्हवतं. तू मोजलंस.’ कस्तुराबाईंनी ओले हात पदराला पुसले. ‘दोघं जणं समोरच्या रस्त्याच्या मोरीवर येऊन बसायची. कुठली, कुणास ठाऊक. दिवेलागणीला यायची, शिट्ट्या घालायची. एक दिवस फाटकाची कडी वाजवली. तू आत पाढे म्हणत होतीस. त्या रस्त्याला कुणालाच ठावं न्हवतं तुझे अप्पा गेले ते. हितल्या दवाखान्यात गेले, माती निपाणीला झाली. तिरडी बघितली न्हवती कुणी. मी म्हटलं, असू दे त्यांच्या लेखी घरात गडी. मग रेनकोट घातला, बूट घातले, बुटात चिंध्या कोंबल्या. टोपी डोळ्यावर यायला लागली, म्हणून कागद घातला. पंधरा दिवसांत ती माणसं हलली तिथनं.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘नऊ वर्सांची पोर. शाळेत बोलली असतीस.’

‘आणि नंतर? मी वीस वर्षांची झाले, तीस वर्षांची झाले. किती भांडले मी तुझ्याशी. काय काय बोलले तुला. एकदा तरी सांगायचं होतंस!’

महानंदाचा आवाज चढला होता, आणि तिचं तिलाच कळत नव्हतं की हा राग आईवरचा की स्वतःवरचा. कस्तुराबाई खाली परातीकडे बघत राहिल्या.

‘नंतर कसं सांगू? मोठी झाल्यावर तू सगळ्यांना सांगायचीस, माझे अप्पा मला बघायला आले होते म्हणून. माझ्याशी भांडतानाबी तेच सांगायचीस. तेवढाच बाप उरला होता तुझ्याकडं. एकदा माझ्या मांडीवर जीव सोडला त्यांनी. दुसऱ्यांदा मी त्यांना कसं मारू, नंदा?’

परातीत एक दाणा उगाच इकडून तिकडे घरंगळला. महानंदा खुर्चीवर बसली. मग तिने विचारलं. चौतीस वर्षांत एवढं एकच तिला विचारायचं होतं, फक्त विचारायचं कुणाला ते तिला चुकीचं माहीत होतं.

‘मी हाक मारली तेव्हा वळली का नाहीस?’

कस्तुराबाईंनी आणखी एक दाणा चिमटीत धरला.

‘ती टोपी घातली ना,’ त्या हळू म्हणाल्या, ‘की मला वाटायचं, ते माझ्या मागनं चालतायत. खोटं न्हाई सांगत. पावलावर पाऊल टाकत. माझी भीतीच जायची. तू हाक मारलीस, अप्पा म्हणून. मला वाटलं, तुला दिसले. माझ्या मागंच उभे हायत आणि तुला दिसतायत. मी वळले आणि ते नसले तर? म्हणून न्हाई वळले.’ त्यांनी दाणा परातीत सोडला. ‘आणि वळले असते तर तुला मी दिसले असते.’

महानंदाने टेबलावरून हात पुढे केला आणि आईचा ओला, अवरेचा वास येणारा हात धरला. दोघींनाही याची सवय नव्हती. दोघींनाही काही वेळ पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून तिने दुसऱ्या हाताने दाणे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी ती चिकपेटचा जिना चढली तेव्हा अण्णा पेन्सिलला टोक करत होते.

‘कागद राहू द्या,’ ती म्हणाली. ‘लिहा, कस्तुराबाई अप्पासाहेब चौगुले.’

अण्णांनी वळणदार अक्षरात सावकाश नाव लिहिलं, कार्ड लांब धरून वाचलं आणि मान डोलावली. ‘सरी,’ एवढंच म्हणाले, आणि किटली चुलीवर ठेवली.

हॅटला खरोखरच महिना लागला. कसरीची भोकं अण्णांनी पट्टीच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या फेल्टचा भुगा खरवडून त्याने बुजवली होती, फीत जुनीच पण धुतलेली होती. मागची कड मात्र त्यांनी जरा वर उचललेलीच ठेवली होती. महानंदाने ती दाराजवळच्या खुंटीवर लावली. आईने ती जवळ जाऊन पाहिली आणि वॉकर ढकलत आत गेली.

दोन दिवसांनी महानंदा ऑफिसातून लवकर आली. दिवे लागायची वेळ, घरात अंधारलेलं, खुंटी रिकामी. दिवाणखान्याच्या काचेपलीकडे, गॅलरीत, कुणीतरी उभं होतं. करडी हॅट, अंगावर पायघोळ शाल, पाठ घराकडे. खाली रस्त्यावरच्या वाहनांकडे बघत निश्चल उभं.

सगळं माहीत होतं तिला. कागदाची तारीख माहीत होती, तेलाचा डाग माहीत होता, बुटातल्या चिंध्यासुद्धा. तरी ती जागच्या जागी उभी राहिली, अगदी तेव्हासारखी. तिने ठरवून काही केलं नाही. घशातून आवाज निघाला तो नऊ वर्षांच्या पोरीचा.

‘अप्पा!’

आकृती जागच्या जागी थबकली, तेव्हा थबकली होती तशीच. महानंदा गजांना धरून राहिली होती तशी काचेला हात लावून राहिली. मग वॉकरचे रबरी पाय फरशीवर करकरले. एकदा, दोनदा, तीनदा. हॅट सावकाश, खुब्याचं दुखणं सांभाळत, पूर्ण वळली.

‘ओ,’ कस्तुराबाई म्हणाल्या. ‘हितंच हाय मी, बाळ.’